एमच्या उलट एमच

कुर्ल्याला गाडी थांबली ती थांबलीच. जुलैचा पाऊस, रुळांवर पाणी, शेजाऱ्याची छत्री माझ्या बुटात निथळतेय, आणि लीडचा फोन: “अरे, कस्टमरकडे बिल्ड फुटलंय. तुझाच ड्रायव्हर आहे.”

लॉगचा फोटो आला. सगळ्या फाइल्स कंपाइल होऊन अगदी शेवटी, लिंकिंगला, म्हणजे तुकडे एकत्र जोडताना, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’: हाक मारलेलं फंक्शन सापडत नाही. नेटवर्क कार्ड चालवणारा कोड, म्हणजे ड्रायव्हर, माझा. कार्डावरच्या चिपचं तापमान दाखवायला तो लिनक्सच्या एचडब्ल्यूमॉनला, म्हणजे हार्डवेअरचं तापमान वगैरे दाखवणाऱ्या भागाला, हाक मारतो. कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, कॉन्फिगमध्ये अशा प्रत्येक गोष्टीला तीन जागा असतात: वाय म्हणजे थेट कर्नेलच्या पोटात, एम म्हणजे नंतर लोड होणारं मॉड्यूल, एन म्हणजे नाहीच. कस्टमरने माझा ड्रायव्हर वाय ठेवला होता आणि एचडब्ल्यूमॉन एम. मग लिंकरला त्या फंक्शनचा पत्ता सापडणार कुठून? माझ्या मशीनवर दोन्ही वाय, त्यामुळे मला कधी कळलंच नाही.

चूक दिसली, आणि मी शहाणपणा केला. कोडमध्ये ‘आयएस एनेबल्ड’ होतं, ते एमलाही ‘हो’ म्हणतं. त्याजागी ‘आयएस रीचेबल’ टाकलं, कारण ते फंक्शन खरोखर हाताशी असेल तरच ‘हो’ म्हणतं. ऑफिसात पोचून दहा मिनिटांत पॅच पाठवला. बिल्ड झालं. दोन वाजता पुन्हा फोन: कार्ड चालतंय, पण तापमान कुठंय? कुठं असणार! हाताशी नाही म्हणून कंपायलरने तो सगळा तुकडा मुकाट्याने वगळला होता. त्यापेक्षा बिल्ड फुटलेलं बरं, निदान ओरडतं तरी.

मग केकॉन्फिगमध्ये, म्हणजे हे पर्याय आणि त्यांच्या अटी लिहितात त्या फाइलमध्ये, हात घातला. ‘सिलेक्ट’ नको होतं, ते दुसरा पर्याय जबरदस्तीने चालू करतं. एका कस्टमरला लहान मेमरीसाठी एचडब्ल्यूमॉन बंदच हवंय, त्याच्या गळ्यात ते का बांधायचं? म्हणून लिहिलं: डिपेंड्स ऑन एचडब्ल्यूमॉन किंवा नाही-एचडब्ल्यूमॉन. टीममधली नवी मुलगी स्क्रीनकडे बघून हसली. “सर, पाऊस पडेल किंवा पडणार नाही, असं झालं हे!”

वडापावच्या कागदावर मांडून दाखवलं. एन शून्य, एम एक, वाय दोन. ‘किंवा’ म्हणजे दोघांतलं मोठं. ‘नाही’ म्हणजे दोनातून वजा. म्हणजे एनच्या उलट वाय, पण एमच्या उलट एमच! एचडब्ल्यूमॉन एम असेल तर अख्खी ओळ एम होते, आणि ओळीच्या वर जाता येत नसल्याने माझ्या ड्रायव्हरला वाय होताच येत नाही. तिने कागदावरची चटणी पुसून आकडे पुन्हा मांडले. बरोबर होते.

यावेळी पाठवण्याआधी कस्टमरचीच कॉन्फिग आमच्या बोर्डावर चढवली, आणि बोर्ड उठेना. रूट, म्हणजे मुख्य फाइलसिस्टीम, माउंट होत नाही म्हणून पॅनिक: कर्नेलनेच हात टेकले. तो बोर्ड नेटवर्कवरून, एनएफएसवरून, म्हणजे दुसऱ्या मशीनवरची डिस्क वापरून बूट होतो. माझ्या ओळीने ड्रायव्हरचा वाय गुपचूप एम केला होता आणि ते मॉड्यूल होतं नेटवर्कपलीकडच्या डिस्कवर. माझ्या मते डिपेंडन्सीतला सगळ्यात वाईट प्रकार हाच, कारण इथे बिल्ड करताना एररचा एक शब्दही येत नाही.

शेवटी कर्नेलमधल्या आयजीबी, म्हणजे इंटेलच्या नेटवर्क कार्डांच्या, ड्रायव्हरचा मार्ग धरला. तापमानाचा पर्याय वेगळा काढला आणि अट घातली: कार्ड वाय आणि एचडब्ल्यूमॉन एम, ही जोडी असेल तर तो पर्याय नाही. कार्डाला धक्का नाही, आणि तापमान का गायब हे मदतीच्या मजकुरात लिहिलेलं.

साडेसातला कस्टमरला सांगितलं, “तापमान हवं असेल तर एचडब्ल्यूमॉन तुम्हालाच वाय करावं लागेल.”

“एक अक्षर?”

“एकच.”

बिल्ड होईपर्यंत खाली टपरीवर दोन कटिंग झाल्या. वर आलो तर त्याचा मेसेज येऊन पडलेला, नुसता आकडा: ४७०००. एचडब्ल्यूमॉन मिलिडिग्रीत मोजतं, म्हणजे सत्तेचाळीस अंश. गाड्या तोवर सुरू झाल्या होत्या.