पिवळा तुरा

जुन्या फ्रिजच्या डोक्यावर बी छान रुजायचं. मागची जाळी तापायची, तिची ऊब वर चढायची आणि मिरचीचा ट्रे निवांत पडून राहायचा. नव्या फ्रिजचं डोकं थंडगार. कुशी तेवढ्या कोमट लागतात, पण तिथे ट्रे टेकवणार कसा? म्हणून यंदा खाली ताट घेऊन ट्रेची रवानगी सेट टॉप बॉक्सवर झाली. मालिका बघताना मध्येच ओल्या मातीचा वास येतो, अशी घरात तक्रार आहे. असू दे.

पुण्याचा डिसेंबर म्हणजे दुपारी स्वेटर नको आणि पहाटे गोधडी सोडवत नाही. १७ जानेवारी १९३५ला इथला पारा १.७ अंशांवर आला होता. तितकं आता होत नाही, पण दहा-अकरा अंशांची पहाटही मिरचीच्या बीला रुसायला पुरेशी असते. तिला पंचवीस-तीस अंश लागतात. मिळाले तर आठ-दहा दिवसांत कोंब, नाहीतर तीन-तीन आठवडे नुसती ओली माती बघत बसा. टोमॅटो त्या मानाने समंजस. सोलापूर रस्त्याला नर्सऱ्यांची रांग आहे, तयार रोपं मिळतात, हे मला लोक दरवर्षी सांगतात. मीही दरवर्षी ‘हो का?’ म्हणते.

परवा दुपारी झाकण उचललं तर ट्रे भरून आला होता. काही कोंब अजून वाकलेले, काहींच्या डोक्यावर बियांचं टरफल तसंच चिकटलेलं, आणि जे पुरते उभे राहिले होते ते सगळे एकाच बाजूला कलून, शेवयांसारखे बारीक आणि पांढरे. आदल्या संध्याकाळी तिथे काहीही नव्हतं. ऊब बीला हवी. कोंब दिसला की तिचं काम संपलं, मग हवा तो उजेड. त्या संधिकाळात एक रात्र गेली तरी रोप नुसती उंची गाठतं आणि मग माना टाकतं.

पण हा पांढरा-पिवळा रंग बघून मला हटकून सदाशिव पेठेतला आमचा वाडा आठवतो. देवघराची खोली अशी की भर दुपारी बाहेरून आलं तर आधी काही दिसतच नसे. नवरात्रात आजी तिथे पत्रावळीवर काळी माती पसरायची, त्यात धान पेरायची, मध्ये घट. उजेड म्हणाल तर नंदादीपाचा. रोज एक माळ चढायची, घटातून पाणी पाझरायचं आणि माळांच्या आड काहीतरी वर येत राहायचं. हात लावायचा नाही, वाकून श्वास सोडायचा नाही. दसऱ्याला माळा बाजूला झाल्या की वीतभर, लिंबाच्या सालीइतकं पिवळंधमक धान! शेजारच्या काकू बघायला यायच्या. “चांगलं उंच आलंय हो वहिनी, देवी पावली.” आजी काही बोलायची नाही, पण पदर नीट करायची. मग आजोबा त्यातला तुरा टोपीत खोचून सोनं वाटायला निघायचे.

तेच पिवळं, तसंच उंच, ट्रेमध्ये आलं की आम्ही कपाळाला हात लावतो. देवीसमोर जो कौल, तो मिरचीत रोग.

चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी असल्याच गवती कोंबांचे प्रयोग केले आणि ते १८८०मध्ये छापले. कोंबाच्या शेंड्यावर इवलीशी टोपी घातली तर तो उजेडाकडे वळत नाही. शेंडा उघडा ठेवून खालचा भाग झाकला तर बिनदिक्कत वळतो. म्हणजे उजेड कळतो शेंड्याला, वाकतो खालचा भाग. त्यांनी कोंबांना टोप्या घातल्या, आमच्या आजोबांनी टोपीला कोंब घातला. दोन्ही घरांत कौतुक झालंच असणार.

तर आता ट्रे ट्यूबखाली. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख दिसते हीच सगळी फसगत आहे: बाहेर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स उजेड असतो आणि ट्यूब लावलेल्या खोलीत दोन-तीनशेच. म्हणून साधी पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या वर जेमतेम वीतभर टांगायची आणि चौदा-सोळा तास चालू ठेवायची. जांभळे दिवेही मिळतात, पण मग सोसायटीत काय काय चर्चा होईल! येता-जाता रोपांच्या शेंड्यांवरून हलका तळहात फिरवते. त्याने ती बुटकी आणि दणकट होतात, वाऱ्याने होतात तशीच.

एवढं करूनही खरा भरवसा दक्षिणेकडच्या खिडकीचा. मार्गशीर्षात सूर्य खाली उतरतो आणि ऊन पार ओट्यापर्यंत येतं; वैशाखात तीच खिडकी कोरडी. आता समोरची तीन मजली सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे. तिथे अकरा मजले होणार. उन्हाळ्यात काही बिघडणार नाही, हिवाळ्याचं ऊन तेवढं जाईल. ‘आमचं ऊन’ म्हणून मी जिन्यात तावातावाने बोलले देखील.

आमच्या मागे, उत्तरेला, एक बैठी चाळ आहे. तिथल्या बायका अंगणात पापड घालतात, एक आजोबा पाठ शेकत पेपर वाचतात. आमचेही बारा मजले मंजूर झालेत. ठरावावर सगळ्यांच्या सह्या आहेत.