बँकेच्या वकिलानं पास केलं म्हणजे झालं का?

"बँक लोन द्यायला तयार आहे म्हणजे कागदं क्लिअरच असणार की ओ काकी" हे मी लग्नाच्या पंगतीत, मिसळीच्या टेबलावर, रंकाळ्याच्या कट्ट्यावर सगळीकडं ऐकलंय. मी बँकेत लोन सेक्शनला होते हे सगळ्या पैपाहुण्यांना माहीत आहे, त्यामुळं कुणी फ्लॅट बघितला रे बघितला की फोन मला, आणि प्रश्न तेच तेच, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू.

तर आधी हे डोक्यात घ्या की बँकेचा पॅनल वकील, म्हणजे बँकेच्या यादीतला कागद तपासणारा वकील, हा बँकेचा असतो. फी तुमच्या खात्यातून कापली जाते पण रिपोर्ट बँकेच्या नावानं असतो, आणि त्यात तो एवढंच बघतो की उद्या हप्ते थकले तर ही मिळकत विकून बँकेचे पैसे निघतील का. पार्किंग तुम्हाला कुठलं मिळणार, टेरेसवर हक्क कुणाचा, आधीच्या मालकानं मेंटेनन्स किती थकवलाय याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. बऱ्याच ठिकाणी तर तो रिपोर्ट कर्जदाराच्या हातातही देत नाहीत, फी आपली आणि कागद त्यांचा! मागून बघा, एक कॉपी द्या म्हणून अर्ज करा, काही शाखा देतात.

माझा भाचा इंग्लंडला असतो, त्यानं तिकडं घर घेतलं तेव्हा व्हिडिओ कॉलवर सगळं विचारून घेतलं मी, सवयच आहे. तिकडं बऱ्याचदा एकच सॉलिसिटर, म्हणजे तिकडचा वकील, घेणाऱ्याचं आणि कर्ज देणाऱ्या बँकेचं अशी दोन्ही कामं बघतो, फक्त तो त्या बँकेच्या पॅनलवर असावा लागतो, नसला तर बँक आपला वेगळा लावते आणि त्याचा खर्च सहसा घेणाऱ्याच्याच माथी. बँकांनी सॉलिसिटरकडून काय काय करून घ्यायचं याचं यूके फायनान्स या तिथल्या बँकांच्या संघटनेचं एक हँडबुक आहे, पहिल्या भागात सगळ्यांना लागू नियम, दुसऱ्यात एकेका बँकेच्या स्वतःच्या अटी. भाच्याला डिपॉझिटचे थोडे पैसे त्याच्या वडिलांनी दिले होते तर तेही सॉलिसिटरनं बँकेला कळवलं. शेवटी सॉलिसिटर सर्टिफिकेट ऑफ टायटल, म्हणजे मालकी स्वच्छ असल्याचा दाखला, देतो आणि मग पैसे सुटतात. पण खरा फरक पुढं आहे, तिथं लँड रजिस्ट्रीत नाव लागलं की त्या मालकीमागं सरकारची हमी असते. आपल्याकडं दस्ताची नोंदणी होते, मालकीची नाही. दुय्यम निबंधक तुमचा फोटो काढतो, अंगठा घेतो, स्टँप ड्युटी बरोबर भरली का बघतो, पण विकणारा खराच मालक आहे का याची खात्री तो देत नाही. ती ज्याची त्यानं करायची. म्हणून सर्च, म्हणजे त्या मिळकतीचे जुने नोंदवलेले दस्त तपासणं.

"सर्च तीस वर्षांचाच का ओ?" हा दुसरा ठरलेला प्रश्न. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात गहाण टाकलेली मिळकत सोडवून घ्यायला मालकाला ३० वर्षं दिलीत, तेवढ्या काळात जुनं एखादं गहाण डोकं वर काढू शकतं, म्हणून बँका निदान तेवढं मागं जायला सांगतात. अलीकडची इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, ऑनलाइन निघते, जुन्यासाठी करवीरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात फी भरून रजिस्टरं चाळावी लागतात आणि एखाद्या वर्षाची पानं फाटलेली असली तर वकील रिपोर्टात तसं लिहून मोकळा होतो. ती ओळ वाचा बरं का, "अमुक वर्षाचे अभिलेख उपलब्ध नाहीत". बाकी सगळा रिपोर्ट छापील साच्यातला असतो, असल्या दोनतीन ओळींतच जीव असतो.

सर्चला जोडून सातबारा नाहीतर प्रॉपर्टी कार्ड बघायचं. शहरात ई वॉर्ड, ए वॉर्ड असं लिहून सिटी सर्व्हे नंबर असतो, उपनगरात अजून गट नंबर आणि सातबारा. माझ्या नणंदेच्या मुलानं पाचगाव साइडला प्लॉट बघितला होता, दर बरा, रस्ता बरा, सगळे खुश. मी म्हटलं डिजिटल सातबारा काढ आधी, १५ रुपये लागतात. तर इतर हक्काच्या रकान्यात विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा! मूळ मालकाच्या वडिलांनी कधीतरी उसाला पीककर्ज काढलेलं, फेडलंही होतं, पण सोसायटीचा दाखला तलाठ्याकडं दिलाच नाही त्यामुळं बोजा जागच्या जागी. मालक म्हणतोय "अवो ते कवाच फिटलंय", खरंच फिटलं होतं, पण पॅनल वकील तोंडावर विश्वास ठेवत नाही आणि ठेवूही नये. सोसायटीचा निल दाखला, तलाठ्याकडं अर्ज, बोजा कमी केल्याचा फेरफार, तो मंजूर झाल्यावर नवा सातबारा, मग लोनची फाइल पुढं सरकली. एवढ्यात घेणारा ताटकळतो आणि विकणाऱ्याला दुसरं गिऱ्हाईक दिसायला लागतं.

यावरून संचकाराचं, म्हणजे सौदा ठरताना देतात त्या विसाराचं सांगते. आपल्याकडं लोक आधी संचकार देऊन बसतात, लाख दोन लाख, साध्या पावतीवर, आणि मग वकील शोधतात. उलटं करा. स्वतःचा वकील आधी, त्याची फी स्टँप ड्युटीच्या मानानं काहीच नाही. आणि संचकारपत्रात स्पष्ट लिहून घ्या की टायटलमधल्या दोषामुळं बँकेनं कर्ज नाकारलं तर संचकार अमुक दिवसांत परत. ही एक ओळ घालायला विकणारा का कू करत असेल तर तिथंच थोडं थांबून विचार करावा, मला तरी अशा वेळी शंका येते.

बहिणींच्या सह्या. हा विषय निघाला की घरात आवाज चढतात. वडिलोपार्जित मिळकत असेल तर २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना मुलांइतकाच हक्क आहे आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं तो जन्मानंच मिळतो, वडील २००५ ला हयात असण्याची गरज नाही असं सांगितलं. त्यामुळं उताऱ्यावर फक्त भावांची नावं दिसली की वकील विचारणारच, बहिणी कुठं गेल्या? हक्कसोडपत्र असेल तर नोंदवलेलं पाहिजे, स्टँपवर घरी बसून लिहिलेलं चालत नाही. "आमच्या ताईचं काही म्हणणं नाही" असं असेल तर ताईला घेऊन या आणि दस्तात संमती देणार म्हणून सही घ्या, संपला विषय. वटमुखत्यारपत्रावर घर "विकत" घेतलेलं असेल तर त्यानं मालकी मिळत नाही हेही सुप्रीम कोर्टानं २०११ लाच सांगितलंय, तरी अजून माणसं असले कागद घेऊन बँकेत येतात.

कोल्हापूर भागात अजून एक बघायचं म्हणजे इनाम जमिनी. संस्थानाचा मुलूख, त्यात देवस्थानाच्या जमिनी पुष्कळ. उताऱ्यावर भोगवटादार वर्ग २ किंवा देवस्थान इनाम असं काही दिसलं तर परवानगीशिवाय व्यवहार नाही, देवस्थानाच्या बाबतीत तर नादालाच लागू नका. एजंट म्हणतो "करून देतो की मॅडम", त्याचं काय जातंय.

आता फ्लॅट. आपल्याकडं कितीतरी बिल्डिंगा सोसायटी न करता १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असतात, बिल्डर घोषणापत्र नोंदवतो आणि मग एकेका फ्लॅटचं डीड ऑफ अपार्टमेंट होतं, त्यात जमिनीतला अविभाज्य हिस्सा टक्क्यात लिहिलेला असतो. रीसेलला जुना फ्लॅट घेताना हे घोषणापत्र झालंय का ते विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी बिल्डर नुसता करार करून गायब आणि प्रॉपर्टी कार्डावर अजून मूळ जागामालकाचंच नाव. सोसायटी असेल तर जमीन सोसायटीच्या नावावर झालेली पाहिजे, नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडं मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्स) अर्ज करता येतो, वेळ लागतो पण रस्ता आहे. भोगवटा प्रमाणपत्र नसलं तर काही बँका लगेच नाही म्हणतात आणि काही छोट्या संस्था जास्त व्याजानं देतात, त्यांनी कर्ज दिलं म्हणून खुश होऊ नका, विकताना तुमच्याच गळ्यात येणार. आणि पूररेषा! २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलेलं हे शेजारच्या दुकानदाराला विचारा, भिंतीवरची खूणसुद्धा दाखवेल तो. वकिलाच्या रिपोर्टात हे नसतं, पुराच्या निळ्या लाल रेषेत जागा येते का ते महापालिकेत बघायचं.

पैशाचं थोडक्यात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, त्यापुढं ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, त्यावर ७५ टक्के. पण महापालिका हद्दीत स्टँप ड्युटी साधारण ६ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये, हे बहुतेक वेळा खिशातूनच घालावं लागतं. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर ड्युटीत १ टक्का सूट आहे, नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. यावर घराघरात काय चर्चा होतात त्या मी लिहीत नाही.

विकणाऱ्याचं आधीच लोन असेल तर घाबरायचं कारण नाही, त्याच्या बँकेकडून किती कर्ज बाकी आहे त्याचं पत्र आणि ठेवलेल्या मूळ कागदांची यादी घ्या, तुमची बँक थेट त्या बँकेच्या नावानं पैसे देते आणि कागद बँकेतून बँकेत जातात, विकणाऱ्याच्या हातात मोकळे सोडायचे नाहीत. आणि तुमचं लोन झाल्यावर मूळ कागद नुसते बँकेत ठेवून गहाण केलं असेल तर ३० दिवसांत नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे गहाण ठेवल्याची सूचना, दुय्यम निबंधकाकडं दाखल करायची असते, गहाणखतच नोंदवलं असेल तर वेगळी लागत नाही. बँकेतला पोरगा म्हणतो होईल ओ नंतर, तुम्ही पावती हातात पडेपर्यंत मागं लागा.

लोन फिटलं की मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला पाहिजेत, १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे, बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद घेताना यादीशी एकेक पान ताडून बघा, काउंटरवर उभं राहूनच, मागं कितीही लाइन असूदे. सेरसाईवरची, म्हणजे गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीतली, नोंद काढली का ते विचारा, आणि उताऱ्यावर बँकेचा बोजा चढवलेला असेल तर नो ड्यूज घेऊन तो त्याच आठवड्यात कमी करून घ्या.