यशोभूमीतली कुबेकॉन: प्लॅटफॉर्म बांधणारे पावलोपावली, वापरणारे शोधावे लागले

११ आणि १२ डिसेंबर २०२४ ला दिल्लीत कुबेकॉन झाली. कुबरनेटिस (अनेक सर्व्हरवर ॲप चालवणारं आणि सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि त्याच्या गोतावळ्याची ही परिषद भारतात पहिल्यांदाच भरत होती, त्यामुळे पुण्यातून बरीच मंडळी निघाली होती. माझं जाण्याचं कारण जरा वेगळं. मी प्लॅटफॉर्म टीममध्ये काम करते. बाकीच्यांनी कोड लिहायचा, तो कुठे आणि कसा चालवायचा याची काळजी आम्ही वाहायची. अशा तयार प्लॅटफॉर्मबद्दल डेव्हलपरना खरंच काय वाटतं, काहीजण तो आपणहून का उचलतात आणि काहीजण का टाळतात, हे मला कंपनीबाहेरच्या लोकांकडून ऐकायचं होतं. ऑफिसात विचारलं की सगळे "मस्त आहे" म्हणतात आणि पुढच्या महिन्यात कुणीतरी प्लॅटफॉर्म टाळून गुपचूप स्वतःचं व्हर्च्युअल मशीन (क्लाउडवरचा भाड्याचा सर्व्हर) उभं केलेलं सापडतं.

पोचण्याबद्दल थोडक्यात. जागा द्वारकेतलं यशोभूमी हे अधिवेशन केंद्र. विमान टी-३ ला उतरत असेल तर टॅक्सीच्या रांगेत उभं राहू नका. खालूनच एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रो मिळते आणि दुसरंच स्टेशन यशोभूमी द्वारका सेक्टर २५. ही वाढीव लाइन सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि स्टेशनातून सबवेने थेट आवारात जाता येतं. टी-१ ला उतरलात तर ही लाइन तिथे नाही, तिथलं स्टेशन मॅजेन्टा लाइनवर आहे. बॅग जड असेल तर सरळ कॅब करा. राहायला द्वारका किंवा एरोसिटी बघा. पहाडगंजची स्वस्त हॉटेलं मोहात पाडतात, पण डिसेंबरच्या थंडीत आणि धुरकट हवेत सकाळी लवकर निघायचं असतं हे ध्यानात ठेवा. हॉलमध्ये एसी जोरात असतो, म्हणजे स्वेटर आतही लागतोच.

आता मुद्द्याचं. आत शिरल्यावर जिकडेतिकडे "डेव्हलपर एक्स्पीरियन्स" हे शब्द. स्टॉलवर, स्लाइडवर, टी-शर्टवर. पण शेजारी बसलेल्याला "तुम्ही काय करता?" विचारलं की उत्तर ठरलेलं: डेव्हऑप्स, एसआरई, प्लॅटफॉर्म इंजिनिअर, सगळे दुसऱ्यांचा कोड चालता ठेवणारे. म्हणजे ज्यांच्या अनुभवाबद्दल दोन दिवस चर्चा चालली होती, ते जवळजवळ आलेच नव्हते. मुलाच्या लग्नाची बैठक बसलीय, फक्त मुलगा हजर नाही, अशातला प्रकार. हे लक्षात आल्यावर मी भाषणांचा नाद कमी केला.

बांधणाऱ्यांशी बोलताना एक गोष्ट मात्र सारखी कानावर आली. तिशी ओलांडलेला जवळपास प्रत्येकजण हेरोकूबद्दल हळवा होतो. २००७ साली सुरू झालेला हा प्लॅटफॉर्म सेल्सफोर्सने २०१० मध्ये विकत घेतला. "गिट पुश हेरोकू मेन" एवढी एक ओळ लिहिली की ॲप इंटरनेटवर. सर्व्हर कुठला, लिनक्स कुठलं, कशाचीच पंचाईत नाही. २०११ मध्ये आलेल्या क्लाउड फाउंड्रीचं "सीएफ पुश"ही तेच वचन देत आलं. त्याच्याही आधी, एप्रिल २००८ मध्ये, गुगल ॲप इंजिन आलं होतं, पण सुरुवातीला फक्त पायथन आणि डेटाबेसही त्यांचाच. २०११ मध्ये त्यांनी दरांची रचना बदलली तेव्हा अनेकांचं बिल कित्येक पट वाढलं आणि तिथून बाहेर पडणं किती अवघड आहे तेही तेव्हाच कळलं. माझ्या मते तयार प्लॅटफॉर्मबद्दलच्या संशयाचं मूळ तिथे आहे. तो संशय २८ नोव्हेंबर २०२२ ला, हेरोकूने फुकटची योजना बंद केल्यावर, पुन्हा जागा झाला. वापर नसला की अर्ध्या तासात झोपी जाणारा तो फुकटचा डायनो (हेरोकूवर ॲप चालायची जागा) कितीही हळू असो, एका अख्ख्या पिढीने पहिलं ॲप त्याच्यावर चढवलं होतं. नव्या मुलांच्या हाती तो राहिला नाही. मग ती कुबरनेटिसच्या यामल फाइलींपासूनच (लांबलचक सेटिंगच्या फाइली) सुरुवात करतात आणि आपल्याला क्लाउड या प्रकाराचीच भीती बसलीय असं समजतात.

वापरणारे भेटले ते जेवणाच्या रांगेत. नागपूरचा एक मुलगा, नोकरी गुरुग्रामला, फोनवर आईशी बोलत होता म्हणून मराठी कळलं. तो बॅकएंड (ॲपचा सर्व्हरवर चालणारा भाग) लिहितो, प्लॅटफॉर्म टीमने सोबत आणलं म्हणून आला होता. "मॅडम, खरं सांगू का, मला तुमचं ते पोर्टल-बिर्टल काही नको," तो म्हणाला. "माझं पॉड पडलं की मला १३७ दिसतं. १३७ म्हणजे काय ते मी कुठे शोधू?" पॉड म्हणजे कुबरनेटिसवर ॲप ज्यात चालतं तो डबा, आणि १३७ म्हणजे ठरवून दिलेल्या मेमरीच्या वर गेल्यामुळे प्रोसेस मारली गेली, बहुतेक वेळा तरी. हे आम्हाला तोंडपाठ असतं आणि त्याला कुणी सांगितलेलं नसतं. हेरोकूवर मेमरी मर्यादेबाहेर गेली की आर-१४ यायचं, तीस सेकंदात उत्तर गेलं नाही तर एच-१२, आणि प्रत्येक कोडचा अर्थ त्यांच्या पानावर लिहिलेला असायचा. त्या सगळ्या हळवेपणातलं निम्मं श्रेय मी या कंटाळवाण्या पानांना देईन.

दुसरी भेट पेमेंटच्या क्षेत्रात काम करणाऱ्या एका बाईंशी झाली. त्यांच्याकडे आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या आदेशानुसार पेमेंटचा डेटा भारतातच ठेवावा लागतो. हेरोकूची साधी योजना अमेरिका आणि युरोपातून चालते, मुंबईतले सर्व्हर मिळतात ते महागड्या खासगी योजनेत. म्हणजे प्लॅटफॉर्म कितीही गोड असला तरी यादीतून पहिल्याच फेरीत बाद. छोट्या स्टार्टअपवाल्यांची रड आणखी वेगळी: कार्ड. १ ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचे नियम कडक झाले आणि परदेशी सेवांची मासिक बिलं भारतीय कार्डांवरून अडकू लागली. ॲप बंद पडण्याचं कारण कोड नसून न गेलेलं बिल आहे, हे ज्याला एकदा मध्यरात्री कळलं तो पुढच्या वेळी रुपयात बिल देणारा क्लाउड शोधतो. परदेशी वक्त्यांच्या स्लाइडवर ही कारणं मला दिसली नाहीत.

बॅकस्टेजबद्दल उत्साह भरपूर होता. कंपनीतली सगळी साधनं आणि माहिती डेव्हलपरला एका जागी देणारं, स्पॉटिफायने २०२० मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलेलं हे पोर्टल आता बऱ्याच कंपन्या आपापल्या परीने उभारतायत. ते चांगलंच आहे. पण उभारणीच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी "किती टीम सक्तीशिवाय वापरतात?" असं विचारलं की बोलणं जरा अडखळायचं. सक्तीने आलेला आकडा वरच्या साहेबांना दाखवायला बरा. डेव्हलपरला तो प्लॅटफॉर्म पटला की नाही, याबद्दल त्यातून काही कळत नाही.

पुढे जाणाऱ्यांनी इतकं करा. भाषणांची रेकॉर्डिंग नंतर सीएनसीएफच्या (परिषद भरवणारी संस्था) यूट्यूब चॅनेलवर फुकट येतात, त्यामुळे मोठ्या हॉलसाठी धावपळ करू नका. तो वेळ कॉरिडॉरमध्ये घालवा. स्टॉलवर बॅज स्कॅन करू दिला की विक्रीचे फोन आलेच, तेव्हा फुकट मोज्यांच्या जोडीसाठी तो धोका पत्करायचा का ते आधी ठरवा (मोजे बरे असतात). लोकांना "प्लॅटफॉर्म आवडतो का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "शेवटचं डिप्लॉय (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) फसलं तेव्हा पहिला फोन कुणाला केलात?" असं विचारा. "ओळखीच्या एका दादाला" असं उत्तर आलं तर प्लॅटफॉर्म म्हणजे तो दादाच आहे असं समजून पुढचे प्रश्न विचारा. विद्यार्थ्यांनी आणि स्वखर्चाने जाणाऱ्यांनी परिषदेला यायला मदत करणाऱ्या डॅन कोन शिष्यवृत्तीची मुदत आधी बघून ठेवावी, ती परिषदेच्या बरीच आधी संपते.

२०२५ मध्ये हाच मेळा ऑगस्टमध्ये हैदराबादला भरला, त्यामुळे धुक्याचं भय गेलं आणि पावसाचं आलं. कंपनीकडून दोन तिकिटं मिळत असतील तर दुसरं प्लॅटफॉर्म टीममधल्याच कुणाला देऊ नका. रोज ॲप लिहिणाऱ्या, शक्यतो तुमच्यावर वैतागलेल्या माणसाला घेऊन जा आणि स्टॉलवरचे प्रश्न त्यालाच विचारू द्या. मंजुरी मिळायला वेळ लागतो, कारण "त्याचं तिथे काय काम?" असं मॅनेजर हमखास विचारतात. अर्ज लवकर टाका.