रविवारी रात्रीच निघायला हवं होतं

२९ ऑगस्ट २०२१ला, रविवारी रात्री कॅलिफोर्नियातल्या आमच्या साउथ लेक टाहो शहरासाठी वणव्यामुळे घर सोडण्याची 'वॉर्निंग' आली. वॉर्निंग म्हणजे बॅगा भरून तयार राहा, 'ऑर्डर' म्हणजे ताबडतोब निघा. आम्ही ऑर्डरची वाट बघायची ठरवलं. चूक तिथंच झाली.

कॅल्डर वणवा १४ ऑगस्टला डोंगराच्या पलीकडे पेटला होता. तीन दिवसांत ग्रिझली फ्लॅट्स हे गाव जवळजवळ बेचिराख झालं, तरी आमच्याकडे सगळे म्हणत, सिएरा पर्वतरांगेचा उघडा ग्रॅनाइटचा माथा आग ओलांडत नाही. तोवर तो फक्त डिक्सी वणव्याने ओलांडला होता, तोही त्याच महिन्यात. पण जंगल वाळून कोळ झालं होतं आणि वारा ठिणग्या आमच्याच दिशेने उडवत होता.

त्याच रात्री आग सिएरा-ॲट-टाहो या स्की रिसॉर्टमध्ये शिरली. माझी लेक तिथं स्की शिकली. ऐन ऑगस्टमध्ये तिथल्या स्नो गन, म्हणजे कृत्रिम बर्फ उडवणारी यंत्रं, इमारतींवर पाणी फवारत होत्या. तो फोटो बघून ती काही बोलली नाही, उठून बॅग भरायला लागली.

सोमवारी सकाळी सगळ्या शहराला ऑर्डर आली. नवऱ्याने कॅल फायरची, म्हणजे राज्याच्या अग्निशमन खात्याची, घर सोडतानाची यादी मोठ्याने वाचली आणि आम्ही एकेक काम उरकलं. पडदे काढले, सोफा खोलीच्या मधोमध ओढला, मीटरपाशी गॅस बंद केला. खिडक्या-दारं लावली, पण कुलूप नाही, कारण अग्निशमनाच्या जवानांना आत जावं लागू शकतं. दिवे चालू ठेवले, म्हणजे धुरातही घर दिसावं. पाण्याचा पाइप नळाला जोडला, पण पाणी सोडलं नाही. सगळ्यांनी नळ सोडले तर अग्निशमनाला दाब मिळत नाही. पासपोर्ट, विम्याचे कागद घेतले. प्रत्येक कपाट उघडून फोनवर व्हिडिओ काढला, तो पुढे विम्यासाठी लागला असता. सासूबाईंचा इनहेलर मात्र ओट्यावर राहिला.

पश्चिमेकडे हायवे ५० बंद, त्यामुळे सगळं शहर नेवाडाच्या दिशेने. एरवी दहा मिनिटांत येणारी राज्याची सीमा गाठायला तीन तास लागले. पिवळा धूर, काचेवर राख, मागच्या सीटवर सासूबाईंना धाप. त्या मात्र मलाच म्हणत होत्या, "तू रस्त्याकडे बघ गं." त्या तीन तासांसाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. रविवारी रात्री निघालो असतो तर रस्ता मोकळा होता.

५ सप्टेंबरला ऑर्डरची पुन्हा वॉर्निंग झाली आणि आम्ही परतलो. घर शाबूत होतं, इनहेलर ओट्यावर तसाच.

सिएरा-ॲट-टाहोचं मुख्य लॉज वाचलं, दुरुस्तीचं वर्कशॉप जळालं. जळकी झाडं कधीही कोसळतील अशी होती, त्यामुळे तो हंगाम जवळजवळ सगळा बुडाला. पुढच्या हिवाळ्यात आम्ही वर गेलो. लेक उतारावर थांबून वळायच्या खुणेची झाडं शोधत होती.