अपडेटनंतर अडकलेलं कुलूप
काल रात्री लिनक्सवर (केडीई प्लाझ्मा डेस्कटॉप) अपडेट्स चढवली आणि रीस्टार्ट न करताच रंकाळ्यावर फिरायला गेलो. परतलो तर काळ्या पडद्यावर संदेश: स्क्रीन लॉकर (पडद्याला कुलूप लावणारा प्रोग्रॅम) बिघडलाय, कुलूप उघडणार नाही. बाबांच्या गुळाच्या हिशेबाची फाईल सेव्ह न करता उघडीच होती; छातीत धस्स झालं.

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टर्मिनलात (नुसत्या अक्षरांच्या, कमांड टाइप करायच्या पडद्यावर) लॉगिन केलं. 'लॉगिनसीटीएल लिस्ट-सेशन्स'नं माझ्या अडकलेल्या सेशनचा (चालू लॉगिनचा) नंबर कळला. मग 'लॉगिनसीटीएल अनलॉक-सेशन' आणि पुढं तो नंबर. परत कंट्रोल-ऑल्ट-एफ२ (काहींकडं एफ१ असतं). फाईल जशीच्या तशी!

हे होतं कारण चालू डेस्कटॉप मेमरीतल्या जुन्या लायब्रऱ्यांवर (प्रोग्रॅम्सनी मिळून वापरायच्या कोडच्या फाईल्सवर) चालतो, पण पासवर्ड विचारणारा भाग दर वेळी नव्यानं सुरू होऊन डिस्कवरच्या नव्या उचलतो. जुळत नाही, कोसळतो. तरी पडदा कुलूपबंदच राहतो, हे मला फार योग्य वाटतं.