अरोरा पडल्यावर समुद्राचं काय झालं : सबनॉटिकाची नोंदवही, पुढचा भाग

मंडळी, अरोराचा ड्राइव्ह कोअर, म्हणजे जहाजाच्या इंजिनाचा किरणोत्सर्गी गाभा, अजून गळतोच आहे आणि मी तो मुद्दाम तसाच ठेवलाय.

आधीचे भाग न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. सबनॉटिका हा परग्रहावरच्या समुद्रात तग धरण्याचा व्हिडिओ गेम आहे, आणि अरोरा हे त्यात कोसळलेलं अंतराळजहाज. हा नवा सेव्ह (जतन केलेला खेळ) फ्रीडम मोडवर आहे. म्हणजे भूक-तहान नाही, पण अरोराचा स्फोट आणि किरणोत्सर्ग आहे. यावेळी गेम पूर्ण करण्याची घाई नाही. एवढं अवाढव्य जहाज आकाशातून ४५४६बी या ग्रहाच्या समुद्रात कोसळलं, तर त्या समुद्राचं पुढे काय होतं, एवढंच बघायचंय. गेम काय दाखवतो आणि काय दाखवत नाही, दोन्ही. पुढे कथानकातली गुपितं येणार आहेत, तेव्हा ज्यांनी अजून खेळलेला नाही त्यांनी आधी खेळून घ्या, मग वाचा.

पद्धत नांदूर मध्यमेश्वरची आहे. नाशिकची जी मंडळी हिवाळ्यात तिथे पक्षीगणनेला जातात त्यांना ती पाठ असते. एक रेघ ठरवायची, दरवेळी त्याच रेघेवरून जायचं, दिसेल ते लिहायचं आणि दिसलं नाही तर तेही लिहायचं. गेममध्ये ही रेघ मी बीकन, म्हणजे खुणेची उपकरणं, टाकून आखली. पहिला लाइफपॉड ५ या माझ्या जीवरक्षक कुपीजवळ, सेफ शॅलोज या उथळ पाण्यात. पुढचा केल्प या उंच समुद्री शेवाळाच्या जंगलाच्या कडेला, मग लाल गवताच्या पठारावर, आणि शेवटचा क्रॅश झोनच्या वाळूत, जहाजाच्या कुशीजवळ. रेघ सरळ नाही, कारण जहाजाच्या पुढे आणि मागे रीपर हे अजस्र शिकारी प्राणी फिरतात. सीमॉथ ही छोटी पाणबुडी तिथे उभी करून शांतपणे नोंदी घेणं शक्य नाही.

स्फोटासाठी कन्सोल वापरला नाही. कमांड देऊन जहाज हवं तेव्हा उडवता येतं, हे आपल्याला माहीत आहे. पण मला स्फोटाआधीच्या नोंदी गेमच्या स्वतःच्या वेळापत्रकात हव्या होत्या. म्हणून प्रत्येक बीकनपाशी थांबून आधी यादी केली, मग पीडीएची (हातातल्या छोट्या संगणकाची) उलटी मोजणी ऐकली, पृष्ठभागावर येऊन स्फोट बघितला आणि परत त्याच रेघेवरून गेलो. यादीत काहीच बदल नाही. पीपर तेच, बूमरँग तेच, होलफिश तेच.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. गेममधले मासे ठरलेल्या जागी निर्माण होतात, त्यांची पैदास आणि मरण आपण मोजू शकत नाही. त्यामुळे ‘बदल नाही’ या नोंदीवरून समुद्र सावरला असं म्हणता येत नाही. खऱ्या पाण्यात असा स्फोट झाला असता तर पहिला फटका बसला असता तो पोटात हवेची पिशवी असणाऱ्या माशांना. दाबाची लाट त्या पिशवीवर आदळते आणि ती फाटते. त्यानंतर गाळ. तळाची माती उसळून दिवसेंदिवस पाण्यात तरंगते, उजेड अडवते आणि बसताना प्रवाळावर थर धरते. क्रॅश झोनमधला तळ उघडा, वाळूचा आणि विरळ जीवनाचा दाखवलाय, तो मला म्हणूनच पटतो. बनवणाऱ्यांनी कोणत्या विचाराने तसा केला ते बाजूला ठेवलं, तरी इतकं मोठं धूड जिथे घासत गेलं तिथला तळ असाच दिसायला हवा.

आता किरणोत्सर्ग. सगळ्यांना धडकी भरवतो तो हाच, आणि माझी सगळ्यात जास्त टिपणं याचीच आहेत.

किरणोत्सर्गरोधक सूट चढवून पठारावरच्या बीकनपाशी गेलो आणि तिथे हेल्मेट उतरवलं. लगेच कानात ती कडकड सुरू झाली, पडद्यावर मुंग्या आल्या. मग खाली गेलो. कडकड तशीच. मोठ्या खडकाच्या आड गेलो. तशीच. जहाज आणि मी यांच्यामध्ये अख्खी टेकडी आली तरी फरक नाही. फरक पडतो तो फक्त अंतराने. म्हणजे गेमचा किरणोत्सर्ग हा जहाजाभोवतीचा एक गोल आहे, आणि पाणी, दगड, खोली यांना त्यात काही किंमत नाही.

खऱ्या जगात पाणी हेच सगळ्यात भक्कम कवच असतं. सीझियम-१३७ मधून निघणारे गॅमा किरण साधारण दहा सेंटिमीटर पाण्यात जवळपास निम्मे होतात, पुढच्या दहात पुन्हा निम्मे. मीटरभर पाण्यापलीकडे हजारातला एखादा हिस्सा उरतो. वापरलेलं अणुइंधन खोल हौदात बुडवून ठेवतात आणि माणसं त्या हौदाच्या काठावर उभी राहून काम करतात, ते याच जोरावर. तेव्हा फुटलेला ड्राइव्ह कोअर समुद्रात असेल आणि तुम्ही काहीशे मीटर लांब पोहत असाल, तर त्याचे थेट किरण तुमच्यापर्यंत पोचणारच नाहीत. शिशाचा सूट लागणार नाही.

मग धोका कशाचा? जे विरघळून पाण्याबरोबर बाहेर येतं त्याचा. याचं खरं उदाहरण नॉर्वेजियन समुद्रात आहे. ७ एप्रिल १९८९ रोजी कोम्सोमोलेट्स ही सोव्हिएत अणुपाणबुडी आग लागून बुडाली. अणुभट्टी आणि अण्वस्त्र असलेले दोन टॉर्पेडो घेऊन ती सुमारे १,६८० मीटर खोल पडून आहे. २०१९ मध्ये नॉर्वेच्या मोहिमेने दूरनियंत्रित यान खाली सोडून तिच्या वायुवीजनाच्या पाइपातून नमुने घेतले. तिथल्या काही नमुन्यांत सीझियम नेहमीच्या पातळीच्या लाखपटींहून जास्त निघालं. पण ते पाणी आसपासच्या अथांग पाण्यात इतक्या लवकर विरळ होतं की थोडंसं बाजूला गेलं की विशेष काही हाती लागत नाही. आपला गेम याच्या नेमका उलटा चालतो. जहाजाभोवती सगळीकडे सारखं जहाल आणि माशांच्या अंगात मात्र शून्य.

माशांचंही करून बघितलं. किरणोत्सर्गाच्या हद्दीतला एक पीपर पकडून तळावरच्या ॲक्वेरियममध्ये सोडला, शॅलोजमधल्या पीपरशेजारी. दोघांत काडीचा फरक नाही. खरं तर नोंद घेण्याजोगी गोष्ट इथेच घडायला हवी होती. २०११ नंतर फुकुशिमाच्या किनाऱ्यावर हेच दिसलं. पाणी तुलनेने लवकर निवळलं, पण सीझियम गाळाला चिकटून बसलं आणि तळाशी राहणाऱ्या, तळाचं खाणाऱ्या माशांमध्ये ते जास्त काळ सापडत राहिलं. गेममध्ये असं असतं तर पृष्ठभागाजवळचा पीपर निर्धोक आणि वाळूत दबा धरून बसणारा सँड शार्क घातक ठरला असता. स्कॅनरने प्रत्येक प्राण्याची मात्रा दाखवली असती तर मी तो गेम वर्षभर खेळलो असतो.

हे सगळं गाजणारं नुकसान. यावेळच्या नोंदींत मला जास्त मोलाचं वाटलं ते दुसरंच, आणि ते ड्राइव्ह कोअर दुरुस्त केल्यावरही जात नाही.

केल्पच्या कडेच्या बीकनजवळ मी स्कॅनर रूम उभारली आणि तिला धातूचे भंगार तुकडे शोधायला लावलं. नकाशावर ठिपके उमटले. मग कॅमेरा ड्रोन एका ठिपक्यावर नेऊन ठेवला आणि वाट पाहिली. एक स्टॉकर आला. तुकड्याभोवती घिरटी घातली, जबड्यात धरला आणि केल्पच्या दोरांमधून वळणं घेत निघाला. थोड्या अंतरावर सोडला. तो तुकडा बुडतोय तोवर पुन्हा झेपावून धरला. या धरण्या-सोडण्यात त्याचा एक दात निखळला आणि हळूहळू गिरक्या घेत वाळूवर गेला. आपण सगळे हे दात एनॅमल्ड काचेसाठी गोळा करतो आणि पुढे जातो. पण जरा विचार करा. हे धातू या समुद्रात अशा रूपात नव्हते. जहाज पडल्यावर आले. एका शिकारी प्राण्याची सवय त्या भंगाराभोवती फिरू लागली, आणि भंगार जिथे पडलंय तिथे तो घुटमळतो. किरणोत्सर्गाचा गोल आकसून नाहीसा होईल तेव्हाही हे तुकडे केल्पमध्येच असतील.

हे वाचताना ज्यांना प्रशांत महासागरातलं पाल्मिरा हे प्रवाळ कंकण आठवलं असेल त्यांना माझा मुद्दा कळलाच. १९९१ मध्ये तिथे मासेमारीचं एक जहाज खडकावर चढून फुटलं. तेलाचा महापूर नाही, स्फोट नाही. पण त्या निर्मळ, लोहाची टंचाई असलेल्या पाण्यात गंजणारं लोखंड झिरपत राहिलं, आणि ऱ्होडॅक्टिस हा प्रवाळाचा चुलतभाऊ शोभावा असा प्राणी जहाजाभोवती बेफाम वाढला. जिवंत प्रवाळावर पसरून त्याने त्याला गुदमरवलं. संशोधकांनी मोजलं तेव्हा जहाजाजवळ त्याची दाटी सगळ्यात जास्त होती आणि लांब जावं तशी कमी. नांगरायच्या तरंगत्या बोयांच्या लोखंडी साखळ्यांभोवतीही तसंच. शेवटी २०१३-१४ मध्ये जहाजाचा सांगाडा तुकडे करून उचलून न्यावा लागला. त्या प्रवाळाचं नुकसान विषाने झालं नाही. एकाच जातीला अचानक भरपूर खाद्य मिळालं, बहुधा त्याने झालं.

नाशिककरांना हे समजावून सांगायची गरजच नाही. गोदावरीवर पाणवेली येते ती याच हिशेबाने. सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस येतो, एक वनस्पती त्यावर फोफावते, पाण्यावर हिरवी चादर अंथरते आणि खाली उजेड नाही, प्राणवायू नाही. यंत्र लावून काढली तरी खत वाहतंय तोवर ती परत येते. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यात वरून वाहत आलेले तिचे गठ्ठे बघितले की अरोराचा मलबा मला वेगळ्या नजरेने दिसतो. मोजणी करताना आम्ही फक्त ‘काय मेलं’ लिहीत नाही, ‘काय वाढलं’ हेही लिहितो. या सेव्हमध्ये मी तेच करतोय.

‘काय वाढलं’च्या रकान्यात आतापर्यंत स्टॉकर, आणि जहाजाच्या आत केव्ह क्रॉलर आणि ब्लीडर आहेत. पाणी भरलेल्या दालनांत ब्लीडर लुचायला लागले की चिडायला होतं, पण नोंद म्हणून ते महत्त्वाचे आहेत. गुहेत राहणाऱ्या प्राण्यांना जहाजाने एक आयती गुहा दिली. बुडालेल्या कुठल्याही जहाजावर पहिले भाडेकरू असेच येतात.

आणखी एक. हा समुद्र धडधाकट असताना अरोरा त्यात पडलेलं नाही. खारा या जीवाणूने तो आधीच पोखरलेला होता, आणि त्याच साथीच्या विलगीकरणासाठी उभारलेल्या तोफेने जहाज पाडलं. सी एम्परर या महाकाय प्राण्याच्या, खाराला रोखणाऱ्या एन्झाइम ४२ मुळे, आणि ते पोचवणाऱ्या पीपरमुळे, उथळ पाण्यातलं जीवन कसंबसं टिकून होतं. आजारी शरीरावर दुसरा घाव. म्हणून माझ्या यादीत पीपरला मी वेगळी जागा दिली आहे. मलब्यामुळे किंवा गाळामुळे पीपरची ये-जा तुटली असती, तर किरणोत्सर्गाने झालं नसतं इतकं नुकसान त्या एका गोष्टीने झालं असतं. गेमला हे नातं माहीत आहे, पण अपघाताशी तो ते जोडत नाही. मला हा त्याचा सगळ्यात मोठा हुकलेला धागा वाटतो.

भरपाईबद्दल थोडं. २४ जानेवारी १९७८ रोजी कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह कॅनडाच्या वायव्येकडच्या बर्फाळ भागात कोसळला. तुकडे शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात विखुरले. महिनोन् महिने शोध घेऊनही अणुइंधनाचा अगदी किरकोळ भाग हाती लागला. कॅनडाने साठ लाख डॉलरच्या आसपास दावा लावला आणि १९८१ मध्ये तीस लाख मिळाले. अर्धे का होईना, ज्यांचं यान पडलं त्यांनी दिले. आपल्या गेमच्या शेवटी अरोराची मालक कंपनी अल्टेरा उलट जिवंत राहिलेल्या माणसाकडूनच एक लाख कोटी क्रेडिट मागते, आणि समुद्राच्या सफाईचा खर्च कुणाच्याच खात्यावर नाही. प्रत्येक वेळी तो संदेश ऐकून मला मनापासून राग येतो.

पुढचा टप्पा असा. आता रिपेअर टूल घेऊन आत जाणार आणि गळत्या बंद करणार. कमांडने नाही, हाताने. त्यानंतर त्याच रेघेवर हेल्मेट उतरवून कडकड कुठे सुरू होते ते नोंदवत जाईन, म्हणजे गोल कसा आकसतो याचा तक्ता तयार होईल. केल्पमधले भंगाराचे तुकडे मी वेचणार नाही. स्टॉकर त्यांना कुठवर नेतात ते बघायचंय, त्यासाठी स्कॅनर रूमला पल्ला वाढवणारे अपग्रेड बसवतोय.

तुमच्यापैकी कुणाकडे असा जुना सेव्ह असेल, ज्यात केल्पमधलं भंगार कधीच उचललेलं नाही, तर त्यातल्या स्कॅनर रूमच्या नकाशाचा स्क्रीनशॉट हवा आहे. खोली आणि जवळचा बीकन कुठला, एवढं सोबत लिहा.