ऊन लागलं असन

बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, चपलेच्या दुकानात आई पट्टा लावायला वाकली, उठली आणि एकदम माझा खांदाच धरला. "काही नाही रे, अंधारी आली."

महिन्यातली तिसरी वेळ. आमचं निदान तयारच असतं: ऊन लागलं असन! नागपूरचा मे म्हटल्यावर सगळं उन्हावर ढकलता येतं. खिशात कांदा, घरी पन्हं, झालं.

आज डॉक्टरांनी तिला आधी झोपवून बीपी मोजलं, मग उभं करून. वरचा आकडा १३४ वरून १०६. उभं राहिल्यावर ३ मिनिटांत २० किंवा जास्त उतरला, तर हीच अंधारी. त्यात तिच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध. (गोळी मनानं बंद करायची नाही, हे दोनदा बजावलं.) हिमोग्लोबिन, साखर, ईसीजीही लिहून दिलं.

मग विचारलं, "काकू, पाणी किती पिता?"

"बाहेर निघायचं असलं की पीतच नाही. बाजारात बाथरूम कुठं शोधू?"

हे कुठल्याच रिपोर्टात आलं नसतं. मी लहानपणापासून तिच्यासोबत बर्डीवर फिरतोय, मला हा प्रश्न कधी पडलाच नाही.

तुमच्या घरी विचारलंय कुणी?